तोंड मावळतीला

‘वेस्टवर्ड’, ‘होमवर्ड’ या इंग्रजी शब्दांच्या शेवटचं ते ‘वर्ड’ मी कोल्हापुरात तीस वर्षं शिकवलं. जुन्या इंग्रजीतून आलेलं हे शेपूट, मूळ अर्थ ‘तिकडं तोंड वळवलेला’, आपल्या संस्कृतातल्या ‘वृत्’ धातूचं लांबचं भावंड. एवढं सांगितलं की माझी छाती उगाचच फुगायची.

परवा सकाळी एका जुन्या विद्यार्थ्याच्या वास्तुशांतीला गगनबावड्याच्या बाजूला निघालो होतो. जास्तीचा शहाणपणा करून उसातली जवळची वाट धरली आणि भरकटलो. बांधावर एक म्हातारा वैरण कापत होता. गाडीवरून उतरून त्याला विचारलं, “मामा, गगनबावड्याला हीच वाट ना?”

“पावणं, गगनबावडा मावळतीला हाय की! सकाळचं ऊन डोळ्यांवर घेऊन कुठं चाललाय?”

विळा खाली ठेवून त्यानं माझे दोन्ही खांदे धरले आणि मला सरळ उलटं वळवलं. ऊन पाठीवर आलं. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा अंगाला लागला.

“काय करता?” त्यानं विचारलं.

“मास्तर आहे.”

“काय शिकवता?”

“गणित,” मी म्हणालो आणि गाडीला किक मारली.