गच्चीवरचं पिल्लू आणि आमचे हे

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी आहे. धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. चालतं ते बरं, थांबलं ते बिघडलं, एवढंच त्यांना कळतं. दुपारी मी जरा स्वस्थ बसले तरी विचारतात, "काय झालं? बरं नाही का?"

यंदा आमच्या समोरच्या बारा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीमागे ससाण्यांनी अंडी घातली. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी तिथे कॅमेरा लावला, त्याचं चित्र कुणालाही मोबाइलवर दिसायचं, आणि माझ्या घरातली शांतता गेली. जेवताना ह्यांच्या पुढ्यात मोबाइल, दाढी करताना मोबाइल आरशाला टेकवलेला. पिल्लू एकच जगलं. आम्हाला मूलबाळ नाही. ह्यांनी त्या पिसांच्या गोळ्यात जीव गुंतवला. ससाण्याची मादी शिकार घेऊन उशिरा आली की हे घरभर येरझाऱ्या घालायचे. "अहो, ती काय तुम्हाला विचारून जाते का?" मी वैतागायची.

पिल्लाला पंख फुटले, पण उडण्याइतके नव्हते. एका सकाळी ते कडेला मान वाकडी करून बसलं ते बसलंच. हलेना. ह्यांनी चहा तसाच टाकला.

"अडकलंय गं ते!"

"अहो, बाईंनी वर जायचं नाही म्हणून बजावलंय!"

ऐकतंय कोण! तिथल्या लिफ्टचं काम ह्यांचंच, त्यामुळे गच्चीची किल्लीही ह्यांच्याकडेच. मी मागोमाग धावले.

अडकलं होतं ते मोबाइलवरचं चित्र. पिल्लू ठणठणीत होतं. दार करकरलं तशी आई ह्यांच्या डोक्यावर झेपावली, हे किंचाळले आणि घाबरून पिल्लाने खाली उडी टाकली. नेमका तेव्हाच कॅमेरा पुन्हा सुरू झाला. बघणाऱ्यांना पहिलं काय दिसलं, तर आमच्या ह्यांचं ओरबाडलेलं टक्कल!

पिल्लू खाली स्कूटरच्या शेडच्या पत्र्यावर पडलं होतं, जिवंत. बाई फोनवर कडाडल्या, "हात लावू नका! मांजरं लांब ठेवा. आईने खायला घातलं तर वाचेल."

हे मटकन खाली बसले. "मी मारलं गं त्याला."

मला संताप आला होता, पण तो चेहरा बघून गिळला. "मेलेलं नाही अजून. उठा, मांजर हाकला."

दिवसभर आम्ही उन्हात उभे. आई वर घिरट्या घालायची, खाली येईना. ह्यांचा हात सारखा शिडीकडे जायचा आणि मी तो ओढून धरायची. ऊन कलताना ती आली, पंजात कबूतर. पण पत्र्यावर नाहीच, पलीकडच्या भिंतीवर बसून त्याची पिसं उपटू लागली.

"अगं बाई, दे ना त्याला!" हे कळवळले.

पिल्लाने पंख झाडले, घसरलं, पुन्हा झाडले. कसंबसं फडफडत भिंत गाठली. आईने चोचीत घास दिला.

मी आनंदाने ओरडले. हे मात्र हळूच म्हणाले, "त्याला माझी गरजच नव्हती गं. कुणालाच कधी लागली नाही तशी."

मला भडभडून आलं. मूल नसल्याचं दुःख मी एकटीच करते, असं मी इतकी वर्षं समजत होते.