माशीला आधी कळतं

ओल्या पाल्यात पाय टाकायच्या आधी किसनतात्या वाकून वास घ्यायचे. राणीसावरगावच्या डोंगरात मेंढ्या चारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "सर, कुजकं कुठं हाय ते माशीला आधी कळतंय. मग नाकाला. माणसाला सगळ्यात शेवटी," असं म्हणत ते काठीनं पळसाचा पाला उलटायचे आणि खालून तिळाएवढ्या माशा उठायच्या. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. या माशांवर माझा प्रबंध चालू होता. माहिती सगळी तात्यांची, नाव मात्र माझं लागणार होतं.

माशा पकडायची बाटली दोन नळ्यांची. एक माशीवर धरायची, दुसरी तोंडात घेऊन ओढायची. मधे जाळी असते. पहिल्याच दिवशी ती मी घरी विसरलो आणि जोरात ओढलं. पाच-सहा माशा थेट घशात! फळ्यावर ऐटीत अंडी-अळी-कोष काढणारा मी, पोट धरून खाली बसलो. घाम फुटला. "तात्या, आता आत अळ्या होणार!"

तात्या शांतपणे तंबाखू मळत होते. "माशी अंडी कुजक्यात घालती. तुमी कुजलाव का?"

"नाही."

"मंग कशाला भ्यायलाव? पाणी प्या. मेंढरं हसायलीत."

त्यांना कशाचं भेव नव्हतं. मेंढीच्या खुराभोवती माशी घोटाळली, की ती लंगडायच्या आधीच तिला आडवी पाडून सडका खूर चाकूनं तासायचे.

दिवाळीनंतर गेलो तर तात्या दगडावर बसूनच. पायाला धोतराचा फडका गुंडाळलेला, भोवती माशाच माशा. "वा तात्या, आज पालासुद्धा उलटायला नको!" म्हणत मी तिथंच बाटली काढली. तिसऱ्या ओढीला फडक्याचा वास आला आणि नळी माझ्या तोंडातच राहिली.

"काटा मोडला व्हता," ते मेंढरांकडं बघत म्हणाले. "नाकाला कळून आठ दिवस झाले. पर दवाखान्यात काय करतेत, ठावं हाय मला. खूर तासताना मेंढीच्या डोळ्यात मी कवाच बघितलं न्हाई, सर."

मी त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्याकडं निघालो. मागून तात्यांनी माझा शर्ट मुठीत धरलेला. दर वळणावर विचारायचे, "सर, माशा मागं यायल्यात का?"

"नाही तात्या. एकही नाही."

मी आरशात बघितलंच नव्हतं.

पाय कापला, पण विष वर चढलं होतं. चौथ्या दिवशी तात्या गेले. त्या दिवशीची बाटली मी अजून उघडलेली नाही.

आता रोज घरी आलो की मोजे काढून आधी हुंगतो. बायको म्हणते, "शी! काय मिळतं हो तुम्हाला त्यात?"

काही मिळत नाही. म्हणून तर जेवायला बसतो.