उपरण्याखालची बोलणी

आमच्या हिच्या मामांनी उभ्या हयातीत कुठल्याही गोष्टीची किंमत तोंडाने सांगितली नाही. घोडेगावच्या बाजारात ते जनावरांचे दलाल. तिथला सौदा उपरण्याखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून होतो. मामांनी ही रीत संसारातही आणलेली. वांगी कशी दिली म्हणून मामींनी विचारावं, तर हे उपरणं पुढे करणार आणि मामी "म्हैस घ्याया आलेय व्हय मी?" म्हणून पाठ फिरवणार. आमचं लग्न ठरताना त्यांनी माझाही हात उपरण्याखाली घेतला, बोटं चाचपली आणि सासऱ्यांना सांगितलं, "हात लई मऊ हाय. औताला चालायचा न्हाई, पन मारका न्हाई." त्या एका शिफारशीवर माझा संसार उभा आहे.

बोटांचे आकडे त्यांनी मला पुष्कळदा शिकवले. शाळेत गणित शिकवत असूनही मला ते आले नाहीत. डोक्यात राहिलं एवढंच: हात सोडला की नकार, धरून ठेवला की बोलणी चालू.

दुष्काळाच्या साली ऐन सौद्यात मामांचा उजवा हात उपरण्याखाली एकदम लुळा पडला. व्यापाऱ्याला वाटलं, दलालाने नकार दिला. त्याने घाबरून भाव वाढवला. थोड्या वेळाने हात ताळ्यावर आला आणि मामा गावभर सांगत सुटले, "हात मेला, पर बैलाचं सोनं करून ग्येला!"

मला ते लक्षण बरं वाटेना. ओढतच त्यांना नगरला डॉक्टरांकडे नेलं. दवाखान्याच्या वासाने मला घेरी आली, म्हणून डॉक्टरांनी आधी मलाच आडवं केलं. मग मामांच्या मानेला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले.

"डाक्टर, आमी दात बघतो," मामा म्हणाले. "मान बघून काय कळतंय?"

"मेंदूकडे जाणारी रक्ताची वाट इथे बुजत आलीय, मामा. हात गेला आणि परत आला, हा इशारा समजा. पुढच्या वेळी येईलच असं नाही. बिडी आजपासून बंद. आणि मुंबईला मोठ्या इस्पितळात दाखवा, इथे याच्यापुढे काही होत नाही."

मामांनी गंभीरपणे उपरणं पुढे केलं. म्हातारा घाबरला असं वाटून डॉक्टरांनी धीर द्यायला त्यांचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. बाहेर पडताच मामा खूश. "बोलनी चालू हायेत, जावईबापू. सौदा तुटला न्हाई!"

बिडी त्यांनी सोडली, म्हणजे मामींसमोर सोडली. बैलाआडून धूर निघायचा. मुंबईचं नाव काढलं की म्हणायचे, "चारा न्हाई म्हनून लोक दावनीची जनावरं इकाय आनत्यात. मी तिकडं जाऊन बसलो तर व्यापारी हाडाच्या भावानं न्हेत्याल. पाऊस पडू द्या, मग जाऊ." मी दर खेपेला हुज्जत घालायचो आणि दर खेपेला हरून घरी यायचो.

पावसाच्या आधी मामाच पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेवर होते, पण खांद्यावर उपरणं होतंच. "वळखत्यात समद्यांना," मामी म्हणाल्या, "पन बोलनं न्हाई." मी खाटेच्या कडेला टेकलो.

मामांनी डाव्या हाताने उपरणं ओढलं आणि माझा हात खाली घेतला. बोटं दाबली. थांबून पुन्हा दाबली. मी नुसता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. मास्तर यंदाही नापास, हे ओळखून ते अर्ध्या ओठाने हसले, आकडे सोडून दिले आणि हात तसाच धरून ठेवला. तेवढं मला येत होतं.

बाहेर नगरच्या एसटीचा हॉर्न वाजला.

"जावईबापू, गाडी चुकंल तुमची," मामी म्हणाल्या.

"चुकू द्या, मामी," मी म्हणालो. "आमची बोलणी चालू आहेत."