खेचराने खाल्लेलं सूप

मिस ओरेथांनी गवताचं शिवलेलं सूप खेचराने खाल्लं, त्यात खेचराचा दोष एवढाच, की त्याला भूक लागली होती. बाकी सगळं माझं.

चार्ल्सटनमध्ये मी पर्यटकांची खेचरगाडी हाकतो आणि वाटेत शहराची माहिती सांगतो. त्या मंगळवारी मीटिंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून मी जुन्या घरांच्या भिंतींतल्या लोखंडी कांबी दाखवत होतो. इथल्या जुन्या मोठ्या भूकंपानंतर घरं सावरायला त्या घातल्या, इथवर खरं. "अन् दर शुक्रवारी पालिकेचा माणूस येऊन प्रत्येक कांब एकेक आटा पिळून जातो," हे माझ्या पदरचं. सगळे वर बघत होते. मीही वर बघत होतो. खाली आमचं खेचर, जनरल त्याचं नाव, मान लांबवून चरत होतं.

त्या फुटपाथवर मिस ओरेथा चाळीस वर्षं गवताच्या टोपल्या शिवत बसतात. विणत नव्हे, शिवत. 'विणता का?' म्हणून विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्या पुढे बोलत नाहीत. चमच्याच्या घासलेल्या दांडीने भोक पाडायचं, त्यातून ताडाची पात ओवायची, की गवताचा एक फेर दुसऱ्याला घट्ट बसतो.

"क्लेटन," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या जनरलने रविवार खाल्ला."

रविवारी आमच्या चर्चचा वार्षिक मेळा. गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी परत येतात आणि नवा तांदूळ गोल सुपात घालून वेदीपुढे ठेवतात. जुनं सूप मिस ओरेथांच्या आजीच्या हातचं, यंदा त्याचा तळ सुटला होता. दोन महिने खपून त्यांनी नवं शिवत आणलं होतं. कडेचे चार फेर जनरलने संपवले.

"गवत आहे ना अजून?"

"होतं ते त्याच्या पोटात आहे."

दुसऱ्या दिवशी गाडीला सुट्टी देऊन मी त्यांना माझ्या ट्रकमधून गवतासाठी जवळच्या बेटावर नेलं. त्यांचे वडील जिथून गवत आणत तिथे आता बंगले, गोल्फचं मैदान आणि फाटक. फाटकावर कोवळ्या मिशांचा पहारेकरी.

"फक्त रहिवाशांना प्रवेश आहे, मॅडम."

मी छाती काढून बेटाचा इतिहास सुरू केला. मिस ओरेथांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारून मला गप्प केलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"कुणाचा रे तू?"

"मॅडम?"

"आईचं माहेर कुठलं?"

"स्नोडन."

"म्हणजे स्नोडनच्या पीचीजचा नातू! कान तिचेच आहेत. तुझ्या आजीला टोपलीचा तळ शिवायला मी शिकवलं. अजून सैल शिवते?"

पोराने इकडेतिकडे पाहिलं. "अर्धा तास," तो पुटपुटला. "अन् तिला सैल म्हटलेलं मी ऐकून घेतलं, हे आजीला सांगू नका."

वाळूच्या टेकाडामागे गवत होतं. मी उत्साहाने एक झुपका मुळासकट उपटला.

"ठेव तिथे," त्या म्हणाल्या. "एकेक काडी ओढायची, मूळ जमिनीत राहिलं पाहिजे. पुढच्या वर्षी काय तुझं डोकं शिवू?"

मी खड्डा करून झुपका परत लावला. पुढचा अर्धा तास त्या सत्तरीतल्या बाई वाकून काड्या ओढत होत्या आणि मी जुड्या धरून उभा होतो. त्याहून जास्त विश्वास माझ्यावर राहिला नव्हता.

गवत वाळवायला वेळच नव्हता. रविवारी सकाळी त्या चर्चच्या पायरीवर शेवटचा टाका घालत बसल्या होत्या. सूप पुरं झालं, पण मधला भाग पिवळसर आणि कड हिरवीगार. आतून गाणं सुरू झालं तशी त्यांनी तांदूळ ओतला आणि सूप छातीशी धरून उठल्या. मला राहवेना.

"मिस ओरेथा, कड हिरवी कशी म्हणून लोक विचारतील. काहीतरी छानसं रचून देऊ?"

"नको, खेचराने खाल्लं म्हणून सांगेन, आणि खेचर कुणाचं तेही."