निळ्या रंगाची तकलीफ

वसमतला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाई जत्रांसाठी शोभेची दारू बनवतात. त्यांच्याशी बोलताना मला कधी स्वस्थ वाटत नाही. नायलॉनची साडी नेसून कुणी आलं, की ठिणगीच्या भीतीनं त्या बोलता बोलता मागं सरकतात. बोटं सारखी पदराला पुसतात. रंगांबद्दल मात्र घरच्या लेकरांबद्दल बोलावं तसं बोलतात. "लाल स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, दोन्ही गुणी. निळा तांब्याचा, त्याचीच तकलीफ. आच जरा चढली की रंग गेलाच."

यंदा पुसेगावकडच्या एका जत्रेत त्यांचं निळं चक्र लागणार होतं, म्हणून मीही सोबत गेलो. दिवस मावळताना माणसं जमली. दारूच्या नळ्या चक्राच्या बांबूंना बांधून झाल्या, आणि त्यांचा दीर सहज बोलून गेला, की निळी भुकटी त्यानं गंधकाच्या चाळणीतून चाळली.

बाईंनी बादली उचलली आणि सगळ्या चक्रावर पाणी ओतलं.

"वयनी, काहून?" दीर ओरडला.

"निळ्यात क्लोरेट हाय. त्याला गंधक लागलं, की ते काडीची वाट पाहत न्हाई."

लोक शिव्या देत पांगले. मी म्हणालो, "चला, एसटी जाईल."

"तुमी व्हा पुढं, भाऊ. हे वाळलं, की पुन्हा जागं व्हतंय."

मी थांबलो आणि हापशावर पाणी काढू लागलो. चक्राजवळ मात्र त्यांनी मला येऊ दिलं नाही. दरवेळी बादली न्यायला त्याच आल्या.