तोरणमाळच्या तीन खोल्या

भाईदासनानांनी वाटे पाडले की भांडण मिटलं, असं एरंडोलच्या आसपासची पाच-सहा गावं मानत. भावाभावांचं शेत असो, विहिरीची पाळी असो की लग्नात उरलेली बुंदी, नाना उपरणं झटकून उभे राहत. त्यांचे नियम ठरलेले. धाकट्यानं आधी उचलायचं आणि वाटे पाडणाऱ्यानं शेवटी. शिवाय वाटे सारखे दिसले पाहिजेत; काळीभोर जमीन ज्याला, त्याला पाण्याची पाळी भर दुपारची.

त्या वर्षी मे महिन्यात नाना सगळ्या गोतावळ्याला मेटॅडोरमध्ये कोंबून तोरणमाळला घेऊन निघाले. धाकटा भाऊ अभिमन, त्याची बायको लताबाई, थोरली बहीण बेबाबाई अक्का, आणि मोजायला गेलं तर दर वेळी वेगळीच संख्या भरणारी पोरं. घाट चढताना पोरं ओरडत होती आणि नाना पोरांपेक्षा जास्त ओरडत होते.

नानांच्या पत्नी कुंदाबाई मात्र नुसत्या हसत होत्या. लग्नानंतर त्या पहिल्यांदाच कुठे राहायला निघाल्या होत्या, आणि निघताना नवऱ्याजवळ त्यांनी एकच गोष्ट मागितली होती.

"मले तळाकडनी खिडकी जोयजे."

नानांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला होता.

डाकबंगल्यात खोल्या निघाल्या तीन. एकीची खिडकी थेट तळ्यावर, मधली ऐसपैस, आणि मागची अंधारी, समोर नुसती भिंत. ही वाटणी कोण करणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं आणि नानांनी कुंदाबाईंकडे. वाटणारा शेवटी. मग तळं उरणार कसं?

नाना खोल्यांतून शेत मोजावं तशा फेऱ्या घालून आले. मग त्यांनी जाहीर केलं की तळ्याच्या खोलीबरोबर सगळी पोरं. मधली नुसती मधली. आणि मागच्या अंधाऱ्या खोलीला भरपाई म्हणून फराळाचे सगळे डबे, किल्लीसकट. आपण किती हुशार आहोत, या आनंदानं त्यांच्या मिशा थरथरत होत्या. ती पोरं पदरात कोण घेणार होतं?

अभिमननं क्षणभरही विचार न करता मधली उचलली. नाना कुंदाबाईंकडे बघून डोळ्यांनीच हसले. आता अक्का. गुडघेदुखीची अक्का, शांतता आणि लाडू सोडून जाते कुठे?

"मी तळानी लेस," अक्का म्हणाली.

नानांनी घाईघाईनं पोरांची आठवण करून दिली. रात्रभर लाथा मारतात, म्हणाले.

"मारू दे. मना पोरे सुरतले गयात, तईपशी घर कसं सुनं शे. मले पोरंच जोयजे, भाऊ."

वाटा उचलल्यावर बदल नाही, हेही नानांनीच गावोगाव सांगितलेलं. ते मान खाली घालून ट्रंक मागच्या खोलीत ओढू लागले. कुंदाबाईंनी डब्यांची किल्ली तेवढी कमरेला खोचली.

दुपार कलली तशी पोरं शेव-लाडवांसाठी मागच्या दारावर धडकली. कुंदाबाई बाहेर आल्या.

"डबा मना वाटाना शेतस ना?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नाना हो म्हणाले. मग ते कुठे उघडायचे हे मी ठरवीन, असं सांगून कुंदाबाईंनी एकेका पोराच्या डोक्यावर एकेक डबा दिला. ती वरात निघाली ती थेट तळ्याच्या खोलीत. अक्का सरकून बसली, तिनं खिडकीतली जागा हातानं पुसली, आणि कुंदाबाई तिथे पाय दुमडून बसल्या. समोर सगळं तळं, मांडीवर लाडवांचा डबा. पाठोपाठ अभिमन आणि लताबाई उशा घेऊन हजर. ऐसपैस मधल्या खोलीत चिटपाखरू उरलं नाही.

नाना दारात उभे. आयुष्यभर त्यांनी वाटे पाडले, पण आपला वाटा उचलून दुसऱ्याच्या वाट्यात जाऊन बसणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि ते त्यांच्याच घरातलं निघालं. अभिमानानं त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी लाडवासाठी हात पुढे केला.

कुंदाबाईंनी तळ्यावरची नजरही न काढता झाकण लावलं.

"वाटा पाडनारानं शेवटे लेवानं."