ऑर्गनच्या भात्यातला अर्ज

चर्चच्या फादरांनी आपणहून बोलावणं धाडलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीकडे एवढी वर्षं त्यांच्यातल्या कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता म्हणे जुना पाइप ऑर्गन दुरुस्तीला काढलाय, त्याच्या इतिहासाचा फलक लागणार आहे, आणि भात्याच्या आत डकवलेला एक मोडी कागद सापडलाय. हवा गळू नये म्हणून पूर्वी कुणीतरी हाताशी आलेली रद्दी तिथे खळीने चिकटवली होती.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगणं: आपले खापरपणजोबा तो ऑर्गन वाजवत. हिंदू माणूस, पण रविवारी ते बाकावर बसल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नसे. माझे वडील, अप्पा, आता नव्वदीला टेकलेत. त्या फलकावर खापरपणजोबांचं नाव वाचायचं, एवढी एकच इच्छा त्यांची उरली होती. मोडीही मला त्यांनीच शिकवली.

फादरांनी कॉफी पाजली. गोड बोलून हे लोक आपलं नाव गाळणार, असं मी धरूनच चाललो होतो. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई माझ्या पाठीशी उभ्या होत्या. त्यांना मोडी येत असेल तर? मग मला कशाला बोलावलं, परीक्षा घ्यायला?

कागद म्हणजे एक अर्ज निघाला. खाली नाव आमच्या खापरपणजोबांचंच. वाजवणाऱ्याला हवा पुरवायला ऑर्गनच्या भात्याचा दांडा ओढून ओढून उजवा खांदा निकामी झाला आहे, दुसरं काही काम द्यावं, एवढीच विनंती. अर्ज कुणी वाचला होता की नाही कोण जाणे. भोक बुजवायला मात्र उपयोगी पडला होता.

मी तो पुन्हा एकदा वाचला. काय लिहिलंय, असं फादरांनी विचारलं.

"यांना ऑर्गन वाजवायला नेमलंय," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. बाईंनी नाव दोनदा विचारून नीट करून घेतलं. एकानेही उलट प्रश्न केला नाही, आणि रस्ताभर मी त्याचाही संशय घेत राहिलो. लाजही वाटत होती.

घरी आल्यावर अप्पांना तेच सांगितलं. त्यांनी कागदाचा फोटो मागितला. पुसट आलाय म्हणून मी टाळाटाळ केली, पण पुढे केलेला हात ते मागे घेईनात. फोन डोळ्यांशी नेऊन, दोन बोटांनी अक्षरं मोठी करत ते वाचत गेले. शेवटच्या ओळीशी त्यांचे डोळे भरून आले. घरची गोष्ट खोटी ठरली म्हणून रडतायत, असंच मला वाटलं.

"तेचा खांदा गेला," अप्पा म्हणाले, "आणि तूं तेला बाकावर बसवून आलास?"